ब्राउनश्वाइगचं आभारप्रदर्शन

आई,

गेल्या शनिवारी ब्राउनश्वाइगला मी आभारप्रदर्शन केलं. हॉलमधून बाहेर पडताना पहिल्यांदा मनात आलं ते हेच, की तुला फोन करून सांगावं. तू जाऊन इतकी वर्षं झाली, तरी काही घडलं की हात आधी फोनकडे जातो. मग आठवतं. या वेळी म्हटलं, निदान लिहून तरी काढू. आज त्याला आठवडा होऊन गेला, रविवार आहे. स्टुटगार्टला रविवारी सगळं बंद असतं, आमच्या चढाच्या रस्त्यावर माणूस दिसत नाही. नवरा खाली तळघरात सायकल दुरुस्त करत बसलाय, लेक अजून उठलेली नाही, कुकर होऊन गॅस बंद केलाय. वेळ आहे.

आभारप्रदर्शन म्हटल्यावर तू हसली असतीस, कारण मी त्या शब्दाला किती वैतागायचे ते तुला माहीत आहे. चिंचवडला आपल्या कॉलनीच्या महिला मंडळात प्रास्ताविक कुणी करायचं यावरून रुसवेफुगवे व्हायचे, पाहुण्यांची ओळख करून द्यायला दोघीतिघी टपलेल्या असायच्या, आणि आभार मात्र न विचारता तुझ्या वाट्याला यायचे. ते कुणालाच नको असत, कारण तोवर लोक उठायला लागलेले असतात. मला अजून दिसतं. मागे लोखंडी खुर्च्या मिटल्याचे आवाज, वड्यांच्या वासाने दाराकडे सरकलेली मुलं, प्रमुख पाहुण्या घड्याळाकडे बघतायत, आणि तू माइकसमोर उभी, पदर खांद्यावरून पुढे घेतलेला, हातात कागद नाही. तू घाई करत नाहीस. खुर्च्या आणणारा मंडपवाला, ऐन वेळी स्पीकरची वायर जोडून देणारे शेजारचे आजोबा, जिच्या घरून चहाचं मोठं पातेलं आलं ती बाई, एकेकाचं नाव घेतेस आणि त्याने नेमकं काय केलं ते सांगतेस. इतरांच्या आया शारदास्तवन म्हणायच्या, नाटकात काम करायच्या. माझी आई पातेल्यावर बोलायची. मी मागच्या रांगेत मान खाली घालून बसायचे.

त्याची तयारी मात्र तू स्वयंपाकघरात करायचीस. पाणीपुरवठा खात्यातलं ऑफिस सुटलं की घरी यायचीस, साडी न बदलताच कणीक मळायला घ्यायचीस, आणि पोळ्या लाटता लाटता नावं म्हणायचीस. मी ओट्याशी मटार सोलत असायचे. मध्येच थांबून तू मला विचारायचीस, "रांगोळी कुणी काढली गं? नुसती काढली का रंगही तिनेच आणले?" मला माहीत नसायचं. मग तवा उतरवून, हात पुसून तू खाली जाऊन विचारून यायचीस. ती पोळी हमखास कडक व्हायची आणि ती तू स्वतःच्या ताटात घ्यायचीस.

एवढं करूनही एका वर्षी वर्धापनदिनाला तुझ्याकडून एक नाव राहिलं. तळमजल्यावर राहणाऱ्या, मुलांच्या नाटकाचे सगळे कपडे शिवून देणाऱ्या काकूंचं. त्या पुढच्याच रांगेत बसल्या होत्या. कार्यक्रम संपल्यावर त्या खाण्याचं पाकीट न घेताच निघून गेल्या, आणि ते उरलेलं पाकीट बघून तुझ्या लक्षात आलं. दुसऱ्या दिवशी तू मला बरोबर घेऊन त्यांच्याकडे गेलीस. काकूंनी चहा केला, माझ्या अभ्यासाची चौकशी केली, गावाकडच्या लग्नाचे फोटो दाखवले. तू विषय काढलास तेव्हा हसून म्हणाल्या, अहो त्यात काय एवढं, मी काही नावासाठी नव्हतं केलं. जिना चढताना तू मला म्हणालीस, "नावासाठी नव्हतं केलं असं म्हणाल्या ना, तेव्हाच कळलं मला त्यांना किती लागलंय ते."

मी म्हटलं, जाऊ दे ना आई, एक नाव राहिलं तर काय बिघडलं. तू पायरीवरच थांबलीस. एरवी तू मला फारसं बोलायची नाहीस. "मी विसरले तर विसरले," म्हणालीस. "पण मापं द्यायला तू गेली होतीस. तुझा झगा आखूड झाला म्हणून त्यांनी तो उसवून परत शिवला. ज्याच्यासाठी केलं त्याने तरी लक्षात ठेवायला नको का?" मला ते अन्यायाचं वाटलं. आभार मानणं तुझं काम होतं, माझं नव्हतं. काकूंनी त्यानंतर मंडळासाठी कधी काही शिवलं नाही. बोलणंचालणं राहिलं, पण शिवणाचं कुणी म्हटलं की त्यांचं मशीन बिघडलेलं असायचं.

आता ब्राउनश्वाइगचं सांगते. मी ऑफिसव्यतिरिक्त कॉम्प्युटरवर आणखी काहीतरी करत बसते, हे तुला फोनवर कळायचं, पण मी कधी नीट सांगितलं नव्हतं. ते एक टेक्स्ट एडिटर आहे, म्हणजे मजकूर लिहायचं सॉफ्टवेअर. ते कुठल्या कंपनीचं नाही. कुणीही फुकट वापरावं, उघडून आत बघावं, चुकत असेल तर दुरुस्त करून पाठवावं. ठिकठिकाणचे लोक फावल्या वेळात ते सांभाळतात, पगार कुणालाच नाही. तुझ्या मंडळासारखंच, फक्त हॉल नाही. मी त्यात शिरले ती मराठीमुळे. लक्ष्मी लिहून एकदा मागे खोडलं की अख्खी क्ष्मी नाहीशी व्हायची. मी तक्रार लिहिली, तर उत्तर आलं, आमच्यापैकी कुणाला ही लिपी येत नाही, तुम्हीच दुरुस्त कराल का. तेव्हापासून आहे.

पण त्याआधीही त्या एडिटरचे माझ्यावर उपकार होते. कॉन्ट्रॅक्टवर नवीनच इथे आले तेव्हाचं माझं जर्मन तुला आठवत असेल. बेकरीत बोटाने दाखवून पाव घ्यायचे. ऑफिसमध्ये मीटिंगला नुसतीच मान हलवायची, या या, म्हणजे हो हो, करत. त्या एडिटरबरोबर नवशिक्यांसाठी एक जर्मन गाइड यायचं, आणि मला पहिल्यांदा पूर्ण कळलेलं जर्मन ते होतं. छोटी वाक्यं. एका वाक्यात एकच गोष्ट. आणि काही चुकलं तर काय करायचं ते सांगितल्यावर दर वेळी शेवटी तेच: "निख्ट्स इस्ट कापुट. पुन्हा करून बघा." काहीही बिघडलेलं नाही. परक्या देशात, दिवसभर आपलं काहीतरी चुकतंय असं वाटत असताना, संध्याकाळी घरी येऊन हे वाक्य वाचणं म्हणजे काय ते तुला कळेल. मी ती वाक्यं मोठ्याने वाचायचे. माझं जर्मन तिथून सुरू झालं.

पुढे ते गाइड बदललं. तरुण मंडळींनी ते आटोपशीर केलं आणि ही वाक्यं बिनकामाची म्हणून काढून टाकली. ज्यांच्या नावावर ते गाइड होतं ते गेर्लिंगेनचे एक निवृत्त इंजिनियर. त्यांनी संतापून सगळ्यांना मेल लिहिली, सगळीकडून आपलं नाव काढायला लावलं आणि निघून गेले. मी तेव्हा नवीन होते. वाईट वाटलं, पण मोठ्यांच्या भांडणात कशाला बोला म्हणून गप्प राहिले.

ज्यांनी हे एडिटर सुरू केलं ते ब्राउनश्वाइगचे प्राध्यापक यंदा सगळी जबाबदारी पुढच्यांकडे सोपवणार होते. त्या निमित्ताने युनिव्हर्सिटीच्या एका हॉलमध्ये सगळ्यांनी भेटायचं ठरलं, आणि आभाराचं पान आणि त्या दिवशीचं बोलणं माझ्याकडे आलं. आपणहून मागितलं नव्हतं, दुसरं कुणी तयार नव्हतं. आमच्याकडे आजवर आभाराची यादी एक प्रोग्रॅमच बनवायचा. ज्याने कोडमध्ये बदल केला त्याचं नाव त्यात आपोआप यायचं. कधी भेटलोच तर शेवटी ती यादी पडद्यावर वर सरकत जायची, मागे गाणं लावलेलं असायचं, आणि लोक कोट घालायला लागायचे. तिच्याकडे बघताना माझ्या लक्षात आलं की लोकांच्या प्रश्नांना वर्षानुवर्षं उत्तरं देणारे त्यात नाहीत, भाषांतर करणारे नाहीत, डोळ्यांनी दिसत नसल्यामुळे कॉम्प्युटर वाचून दाखवतो त्या आवाजावर सगळं तपासून बघणारी डॉर्टमुंडची एक बाई नाही. ही नावं मी विचारून विचारून गोळा केली. सगळ्यात शेवटी गाइडवाले राहिले. प्राध्यापकांना फोन केला. म्हणाले, हे बघा, ते स्वतःहून गेले, आणि नाव काढा असं त्यांनी लेखी कळवलंय. त्यांची नवीन लेखी परवानगी, आइनविलिगुंग, असल्याशिवाय नाव घालता येणार नाही, डाटेनशुट्सचा, म्हणजे खाजगी माहिती जपण्याचा, नियम आहे. नियम खराच आहे, पण आवाजावरून कळत होतं की जुनं दुखणंही आहे.

मग मी गेर्लिंगेनला गेले. तिथल्या एका ओळखीच्यांकडून नंबर मिळवला होता. फोनवर ते म्हणाले, यायचं तर या, पण माझं उत्तर नाहीच आहे. स्टुटगार्टहून ऊ-बान, म्हणजे इथली मेट्रो, शेवटपर्यंत जाते, पुढे थोडा चढ. त्यांच्या बायकोने दार उघडलं. पांढरे बारीक कापलेले केस, हातावर बागेतली माती. टेबल मांडलेलं होतं, कॉफी आणि प्लमचा केक. ते समोर ताठ बसले होते आणि मी तोंड उघडायच्या आत त्यांनी विचारलं, "तुम्ही आभार मानणार ते कशाबद्दल? तुम्हा लोकांनी ठेवलंय काय त्यातलं?" मी म्हटलं, त्यातून मी जर्मन शिकले. त्यांना ते बहुतेक खोटं वाटलं. मी गडबडले. त्यातच केकचा तुकडा उचलायला गेले, तो सुरीवरून घसरला आणि त्यांच्या पांढऱ्याशुभ्र टेबलक्लॉथवर उलटा पडला. प्लमचा रस पसरला. मी उठून माफी मागायला लागले. बायकोने शांतपणे तो तुकडा उचलून स्वतःच्या बशीत घेतला, सुरी परत माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "निख्ट्स इस्ट कापुट. पुन्हा करून बघा."

आई, मी तशीच उभी राहिले. तो आवाज मी याआधी कधी ऐकला नव्हता, पण ते बोलणं मी वर्षभर रोज संध्याकाळी वाचलं होतं. मी बाईंकडे वळून विचारलं, "गाइड तुम्ही लिहिलंत?"

त्या टेबलक्लॉथवरचा डाग पुसायला लागल्या. नवऱ्याने मान खाली घातली. मग तेच सांगायला लागले. बायको प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. एडिटर कसं चालतं ते त्यांनी तिला समजावून सांगितलं, तिला लवकर समजेना, तेव्हा तिनेच म्हटलं की सोपं करून लिहायला हवं. ती सांगायची, ते टाइप करायचे. पाठवलं त्यांच्या नावाने, कारण तिथे त्यांची ओळख होती, तिची नव्हती, आणि कुणी विचारलंही नाही. लोक त्यांचं कौतुक करायला लागले, आणि सांगायचं राहून गेलं. मग ती वाक्यं काढली गेली तेव्हा त्यांना सहन झालं नाही. "तिचं लिहिलेलं तुम्ही बिनकामाचं म्हणालात," ते म्हणाले. "आणि ते तिचं होतं हे मला सांगता येईना. काय सांगणार? इतके दिवस माझं म्हणून मिरवलं होतं."

बायको कॉफी ओतत म्हणाली, "मला राग आलाच नव्हता. हाच माझ्या वतीने रागावला. आणि रोज संध्याकाळी दोघांनी बसून लिहायचं माझं काम गेलं."

मी विचारलं, तुमचं नाव घालू का. त्या म्हणाल्या, या वयात नाव घेऊन काय करू, मी काही त्यासाठी लिहिलं नव्हतं. हे ऐकताच मी चिंचवडच्या त्या जिन्यात होते. काकूही हसूनच म्हणाल्या होत्या. मी त्यांना म्हटलं, तुम्ही नावासाठी लिहिलं नसेल, पण लिहिलं माझ्यासाठी होतं, मी ते लक्षात ठेवलंय, आणि ते सांगण्याचा हक्क मला हवाय. नवरा म्हणाला, फक्त तिचं घाला. तेव्हा मात्र त्या म्हणाल्या, दोघांची. टाइप यानेच केलं, आणि माझ्या चुकाही यानेच काढल्या. दोघांनी त्या टेबलावरच सह्या केल्या.

त्यांचे गुडघे दुखतात, त्यामुळे ती दोघं ब्राउनश्वाइगला येणार नव्हतीच. माझ्याबरोबर लेक आली होती. तिला युनिव्हर्सिटी बघायची होती, माझं भाषण नाही. मी अर्थातच शेवटी होते. लोकांनी फोनवर परतीच्या गाड्या बघायला सुरुवात केली होती. मी यादी पडद्यावर लावली नाही. कामाला निघायच्या आधी रोज तासभर लोकांच्या शंका सोडवणारे वोल्फ्सबुर्गचे गृहस्थ, ती डॉर्टमुंडची बाई, पोलिश भाषांतर करणारी दोघं भावंडं, एकेकाचं नाव घेतलं आणि काय केलं ते सांगितलं. शनिवारी सुट्टी मोडून हॉल उघडून देणाऱ्या हाउसमाइस्टरचं, इमारतीच्या केअरटेकरचंही घेतलं. तेव्हा कुणीतरी हसलं, मग सगळ्यांनी टेबलावर बोटं वाजवली, ही इथली टाळ्यांची पद्धत. जर्मन लोकांना इतकं तपशिलात कुणी बोललेलं सवयीचं नाही, आधी ते अवघडले. पण कुणी उठलं नाही. गाइडचं मी शेवटी ठेवलं होतं. बेकरीत बोटाने पाव दाखवणारी बाई आज तुमच्यासमोर ज्या भाषेत बोलते आहे ती भाषा तिने कुठून घेतली, एवढंच सांगितलं, आणि मग दोन नावं. आधी बायकोचं.

प्राध्यापक पहिल्या रांगेत होते. नंतर कॉफीच्या वेळी माझ्याजवळ येऊन उभे राहिले. म्हणाले, "मला इतकी वर्षं वाटत होतं की आपला एक माणूस गेला. दोन गेले होते." बाजूला जाऊन त्यांनी गेर्लिंगेनला फोन लावला. काय बोलले ते मला ऐकू आलं नाही, पण बराच वेळ बोलत होते, आणि बहुतेक वेळ ऐकतच होते.

आणि ज्याने ती वाक्यं काढली होती, तेव्हा तो विद्यार्थी होता, आता दोन मुलांचा बाप आहे, तो माझ्याशी काही न बोलताच निघून गेला. मला वाटलं दुखावला. दुसऱ्या दिवशी त्याने एक बदल पाठवला. गाइडमध्ये सगळीकडे ती दोन वाक्यं परत घातली होती आणि लेखिका म्हणून त्या बाईंचं नाव लावलं होतं. तपासून मंजुरी द्यायला त्याने माझं नाव सुचवलं होतं. मी दिली. मग बाईंना फोन करून सांगितलं. त्यांनी विचारलं, स्वल्पविराम नीट जागेवर आहेत ना. मी म्हटलं, गेनाऊ, अगदी, आधी होते तिथेच आहेत.

येताना गाडीत लेक माझ्यासमोर बसली होती. मी मराठीत बोलते, ती जर्मनमध्ये उत्तर देते, आमचं हे असंच चालतं. कासेल स्टेशन गेल्यावर ती कानातले इयरफोन काढून म्हणाली की भाषण चांगलं झालं, फक्त जरा लांबलं. मग विचारलं, असं बोलायला कुठे शिकलीस. मी तुझ्याबद्दल सांगितलं. मंडळ, पातेलं, तळमजल्यावरच्या काकू, सगळं. तू गेलीस तेव्हा ती किंडरगार्टनलाही जात नव्हती, तिला तू फोटोतच माहीत आहेस. तिने विचारलं, आजी बोलायची कशी, करून दाखव ना. मी स्टोल खांद्यावरून पुढे घेतला आणि करून दाखवलं. थोडा बारीक आवाज, वाक्याचा शेवट लांबवलेला, "मंडळाच्या वतीने मी मनःपूर्वक..." असं. ती खूप हसली. परत करायला लावलं आणि फोनवर रेकॉर्ड केलं. रात्री बघितलं तर तिने ते "आजी" म्हणून ठेवलंय, मराठीत लिहून.

आई, तो तुझा आवाज नव्हता. मी तो तिथल्या तिथे बनवला. तुझे शब्द सगळे आठवतात, पण आवाज मला आता आठवत नाही, केव्हापासून ते माहीत नाही. लेकीला हे मी सांगितलेलं नाही.